डिझेल आटलं तर: मराठवाड्यातल्या गावाने तयारी कुठून सुरू करावी

प्रश्न असा आहे: दोनशे उंबऱ्यांचं गाव, हजारेक एकर शिवार. खरिपात सोयाबीन, तूर, थोडा कापूस. रब्बीत हरभरा आणि ज्वारी. डिझेल, गॅस, वीज, खत सगळंच महाग होत चाललंय. उद्या तेलाचा पुरवठाच तुटला तर गावाने आज काय करून ठेवावं? आणि सौर पॅनल बसवले की भागेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नुसत्या सौरने भागणार नाही. सौर लागणारच आहे, पण गळती बंद केल्यानंतर. आज वाया जाणारं इंधन तसंच जाऊ देऊन वर पॅनल लावले, तर फुटक्या हौदात जास्त पाणी सोडल्यासारखं होईल. त्यामुळे क्रम असा: आधी हिशेब, मग गळती, मग वाटून वापर, आणि उरलेल्या गरजेसाठी नवीन साधन.

देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून येतं. त्यातही मराठवाडा पुरवठ्याच्या शेपटाला आहे. परभणीतलं पेट्रोल राज्यात सगळ्यात महाग असल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. त्याचं साधं कारण म्हणजे ते मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून जवळपास तीनशे किलोमीटर टँकरने येतं. नळयोजनेत टेलच्या घराला कमी दाबाचा त्रास सगळ्यात आधी होतो, तशीच आपली गत आहे. म्हणून आपल्या गावांनी ही तयारी इतरांच्या आधी करावी.

वहीपासून सुरुवात

ग्रामपंचायतीने एक वही घालावी. गावात ट्रॅक्टर किती, प्रत्येकाने गेल्या हंगामात किती डिझेल जाळलं, डिझेलवरचे पंप किती, गॅसच्या टाक्या महिन्याला किती, युरिया-डीएपीच्या गोण्या किती, पाण्याच्या टँकरच्या खेपा किती, पाणीपुरवठ्याचं वीजबिल किती. दोन-तीन शिकलेली पोरं आठवड्यात हे काम करतात. ही वही नसेल तर ग्रामसभेत प्रत्येक जण आपल्याला दिसतं तेवढंच बोलतो. कुणी मोटारसायकलींवर घसरतं, कुणी मोबाईलच्या चार्जिंगवर, आणि खरं इंधन कुठे जातंय ते बाजूलाच राहतं.

सोयाबीनच्या एका एकराचा अंदाज मांडून बघा. पंचेचाळीस-पन्नास हॉर्सपॉवरच्या ट्रॅक्टरला पलटी नांगराला एकरी सात ते नऊ लिटर, रोटाला (रोटाव्हेटर) पाच-सहा, मोगड्याला (दात्यांचं हलकं अवजार) अडीच-तीन, पेरणीला दोन-अडीच आणि ट्रॅक्टरवरच्या मळणी यंत्राला चार-पाच लिटर डिझेल लागतं. जमिनीची ओल, अवजार आणि चालक यांच्यानुसार आकडे खालीवर होतील, पण बेरीज वीस-पंचवीस लिटरवर जाते. हजार एकराला ते वीस हजार लिटरच्या पुढे गेलं. तुमच्या पंपावरचा दर त्याला लावा आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा.

आता या आकड्यात न दिसणारी गोष्ट. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि आपल्याकडे त्यातला बराच वायू आयात होतो. एक टन युरिया बनवायला आधुनिक कारखान्यातही २३ ते २५ गिगाज्यूल ऊर्जा खर्च होते. म्हणजे ४५ किलोच्या एका गोणीमागे साधारण ३० लिटर डिझेलइतकी ऊर्जा. एकराच्या सगळ्या ट्रॅक्टरकामापेक्षा एक गोणी भारी पडते. सरकारी अनुदानामुळे गोणी २६६ रुपयांच्या आसपास मिळते, म्हणून हे आपल्या लक्षात येत नाही. पण पुरवठा अडला की दुकानापुढे रांग लागते ती गोणीचीच.

नांगरट, रोटा आणि ट्रॅक्टर

एका निर्णयात सगळ्यात जास्त डिझेल वाचतं ते इथे: दरवर्षीची खोल नांगरट थांबवणं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात हातभर भेगाळते आणि पहिल्या पावसात पुन्हा मिटते, हवा आणि पाणी आत जाण्याचं निम्मं काम ती स्वतःच करते. तीन वर्षांतून एकदा नांगरट पुरेशी आहे. मधल्या वर्षी मोगड्याची एक पाळी आणि वखराची एक पाळी. यातून एकरी आठ-दहा लिटर वाचतात. दोन ठिकाणी मात्र नांगरट टाळू नका. हरळी, कुंदा किंवा लव्हाळा माजलेलं रान, आणि गुलाबी बोंडअळी लागलेलं कापसाचं रान. बोंडअळीचे कोष उन्हात उघडे पडले पाहिजेत. डिझेल वाचवायला गेलात आणि पुढच्या साली फवारण्या वाढल्या, तर बचत कसली?

रोटाच्या बाबतीत मत थोडं कडक आहे. मातीचा रवा मैद्यासारखा करण्याची सवय लागली आहे. तशा रानावर जोराचा पाऊस पडला की पापुद्रा धरतो आणि सोयाबीनचं कोंबारं वर येत नाही. रोटा लावायचाच असेल तर चार इंचाच्या वर खोल नको, आणि पाती झिजली की बदला. बोथट पात्यांनी माती कापली जात नाही, नुसती ढकलली जाते, आणि इंजिनावर ताण येतो.

चाक घसरतंय का, हे दहा मिनिटांत तपासता येतं. मागच्या टायरवर खडूने खूण करा. अवजार जमिनीत घालून टायरचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर चालवा आणि सुरुवातीला व शेवटी जमिनीवर काठी रोवा. मग अवजार उचलून तेवढंच अंतर पुन्हा चाला आणि फेरे मोजा. साडेआठ-नऊ फेरे आले तर घसरण दहा-पंधरा टक्के आहे, ती चालते. आठाच्या खाली आले तर डिझेलचा पाचवा हिस्सा टायर जागच्या जागी फिरण्यात जातोय. कारणं तीनच असतात: टायरची नक्षी गेलेली, मागच्या चाकांवर वजन कमी, किंवा अवजार गरजेपेक्षा खोल. रान ओलं असताना घाईने घातलेला ट्रॅक्टर तर घसरतोच, शिवाय खाली मातीचा कडक थर बसवून पुढच्या वर्षीची नांगरटही महाग करून ठेवतो.

एअर क्लीनर काळ्या मातीच्या धुळीने फार लवकर भरतो. तेलाच्या वाटीचा असेल तर हंगामात रोज वाटी उघडून बघावी. तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ दिसला की तेल बदलायची वेळ झाली. धूर काळा येतो, डिझेल जास्त लागतं आणि मालक पंपवाल्यावर संशय घेत बसतो, असं फार ठिकाणी होतं. नळीच्या जोडावरून सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला चार लिटरच्या आसपास डिझेल मातीत जातं. जोडाखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा, सकाळी डाग दिसेल. हलक्या कामाला आणि ट्रॉलीला वरचा गिअर आणि कमी रेस, हा नियम चालकाला एकदा समजावून सांगा.

आता वाटून वापर. चार किलोमीटरवरच्या एका एकरासाठी ट्रॅक्टर जातो आणि परत येतो, दुसऱ्या दिवशी शेजारच्याच रानात दुसरा जातो. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांनी शिवाराचे चार-पाच भाग पाडावेत आणि एका भागातली रानं एकाच दिवशी उरकावीत. यासाठी पैसा लागत नाही, फक्त आदल्या संध्याकाळी पारावर नावं लिहून घ्यावी लागतात. सावड आणि इर्जिक (एकमेकांच्या रानात मिळून काम उरकण्याची रीत) आपल्याला नवी नाही, ती ट्रॅक्टरला लावायची एवढंच.

बैलांबद्दल भाबडेपणा नको. हजार एकराची नांगरट बैलांवर परत येणार नाही आणि येऊही नये. पण कोळपणी, डवरणी, वखरणी, हलकी पेरणी आणि रानातून घरापर्यंतची वाहतूक ही कामं देवणी किंवा लाल कंधारीची एक जोडी उत्तम करते. कोळप्याने दिवसाला दोन-तीन एकर आरामात होतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने बैलचलित अवजारांवर अनेक वर्षं काम केलं आहे, तिथली सुधारित अवजारं आधी बघून मगच लोहाराकडे जा. गावात आज पन्नास जोड्या असतील तर त्या वीसवर येऊ देऊ नयेत, एवढं लक्ष्य पुरे. जोडी ठेवणाऱ्याला गायरानातला चारा आधी, असा ठराव ग्रामसभा करू शकते. जोडी एकदा मोडली की डिझेल महागलं म्हणून परत उभी राहत नाही. बैल माणसाळवायला आणि गडी तयार व्हायला वर्षं जातात.

पाणी म्हणजेच इंधन

२०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षी परळीचं वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. आपल्याकडे पाणी आटलं की वीजही अडते आणि डिझेलही जास्त जळतं. हिशेब करून बघा. दहा हजार लिटरचा टँकर वीस किलोमीटरवरून आणला तर जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, लिटरला चार किलोमीटर धरले तर दहा लिटर डिझेल. म्हणजे हजार लिटर पाण्यामागे एक लिटर डिझेल. तेच हजार लिटर गावच्या विहिरीतून तीस मीटर वर उचलायला अर्ध्या युनिटपेक्षाही कमी वीज लागते. त्यामुळे नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती, विहीर पुनर्भरण ही कामं इंधनाच्या वहीतही मांडायला हवीत. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या, ते गाव आपल्यापासून लांब नाही. एकदा ग्रामपंचायत सदस्यांना नेऊन दाखवा.

पंपाची तब्येत ड्रमने मोजता येते. दोनशे लिटरचा ड्रम पाइपाच्या तोंडाखाली ठेवा आणि मोबाईलवर सेकंद मोजा. पाच एचपीचा चांगला पंप, एकूण उंची पंचवीस मीटर असेल तर, ड्रम साधारण चोवीस-पंचवीस सेकंदांत भरतो. चाळीस सेकंद लागले तर शोध घ्या: फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) चोंदलाय का, इंपेलर (पंपातलं फिरतं चक्र) झिजलाय का, सक्शनला हवा धरतेय का, की पाइपच बारीक आहे. दोन इंची पाइपाऐवजी अडीच इंची टाकला तर तेवढ्याच पाण्याला घर्षणाचा भार तिसऱ्या हिश्श्यावर येतो. लांबच्या रानाला हा खर्च दोन-तीन वर्षांत निघतो. वीज फुकट आहे म्हणून हे सोडून देऊ नका. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांची वीजमाफी आहे, पण लाईन आठ तासच राहते. त्या आठ तासांत किती पाणी उपसलं हेच खरं उत्पन्न.

आणि डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर. एखादा डीपी जळाला की ऐन हरभऱ्याच्या पाण्यात आठ-पंधरा दिवस शिवार कोरडं राहतं, आणि त्या पंधरा दिवसांत भाड्याची डिझेल इंजिनं लागतात. पाच एचपीचं इंजिन तासाला एक लिटरच्या थोडं वर पितं. डीपी जळण्यामागे बहुतेक वेळा आपल्याच सवयी असतात. पाच एचपीची एक मोटार कपॅसिटरशिवाय साधारण सहा केव्हीए (विजेच्या भाराचं माप) ओढते. म्हणजे ६३ केव्हीएच्या डीपीवर दहा मोटारी, १०० वर सोळा. प्रत्यक्षात त्यावर वीस-पंचवीस असतात, तारेवर चोरून टाकलेले आकडे वेगळे. त्यात प्रत्येकाने ऑटो स्विच लावलेला. लाईन आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि सुरू होताना मोटार पाच-सहापट करंट घेते. दहा मोटारींचा तो झटका तीनशे केव्हीएच्या पुढे जातो. ६३ चा डीपी तो किती दिवस सोसणार? फ्यूज उडायला नको म्हणून किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खोबणीत) जाड तार घातलेली असते, मग उडायचं ते डीपीतच उडतं.

उपाय स्वस्त आहेत. ऑटो स्विच काढा, किंवा वेळ लावता येणारा स्टार्टर बसवून पहिल्याची मोटार लगेच, दुसऱ्याची तीस सेकंदांनी, तिसऱ्याची मिनिटाने अशी पाळी लावा. प्रत्येक मोटारीला कपॅसिटर बसवा: तीन एचपीला एक केव्हीएआर (कपॅसिटरचं माप), पाचला दोन, साडेसातला तीन. डीपीवरचा भार त्याने जवळपास पाचव्या हिश्श्याने उतरतो. पण एकट्यादुकट्याने लावून उपयोग नाही, म्हणून डीपीनिहाय गट करा आणि सगळ्यांनी एकाच आठवड्यात बसवा. फुगलेला कपॅसिटर लगेच बदला. डीपीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी टाका. तेलाची पातळी आणि फ्यूजची तार मात्र लाईनमनकडूनच, कितीही घाई असली तरी. दरवर्षी यात माणसं जातात.

आता सौर पंप. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. पाच एचपीला ५४० वॅटचे नऊ-दहा पॅनल येतात. तोंड दक्षिणेला आणि तिरपेपणा अठरा ते वीस अंश, कारण लातूरपासून संभाजीनगरपर्यंत आपण याच अक्षांशांत आहोत. पॅनल एका माळेत जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनलवर बाभळीची सावली पडली तरी सगळी माळ ढिली पडते. जागा ठरवताना सकाळी नऊ आणि दुपारी चारची सावली बघा, तीही डिसेंबरात. फेब्रुवारी ते मे आठवड्याला एकदा, भल्या सकाळी, साध्या पाण्याने धुवा. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे विजा पडतात, म्हणून अर्थिंग आणि वीजरोधक (लाइटनिंग अरेस्टर) बसवून घेतल्याशिवाय कामाच्या पूर्णत्वावर सही करू नका. २०१४ ची गारपीट आठवा आणि विम्याची मुदत कुठे संपते ते कागदावर वाचून ठेवा.

सौरमुळे एक नवं संकट येतं, ते आधीच सांगायला हवं. ऊन फुकट, म्हणून पंप दिवसभर चालतो आणि बोअर जानेवारीतच कोरडं पडतं. कोजागिरीच्या आसपास विहिरींची पातळी मोजून रब्बीचं पाणी ठरवण्याचा ठराव सौर पंप येण्याआधी व्हायला हवा. नंतर कुणी ऐकत नाही.

घर आणि सार्वजनिक इमारतींसाठी छतावरचं सौर वेगळं. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे. तेवढ्या पॅनलला तीनशे चौरस फूट छत लागतं आणि महिन्याला ३०० ते ३५० युनिट मिळतात. इथे बहुतेकांची एक गैरसमजूत होते. लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं सौर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या लाईनमनच्या जिवासाठी ती सोय केलेली असते. त्यामुळे पिण्याच्या पाण्याचा पंप आणि उपकेंद्रातला लसींचा फ्रीज यांना स्वतंत्र किंवा बॅटरीचं सौर लागेल. पिण्याच्या पाण्याला बॅटरीचा खर्चही नको. दिवसा पंप चालवा आणि टाकी मोठी करा, दोन दिवसांचं पाणी उंचावर साठलं की तीच तुमची बॅटरी.

चूल

दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलो शेण आणि ५० लिटर पाणी लागतं, म्हणजे चार-पाच जनावरं. पूर्ण क्षमतेने चालला तर त्यातून रोज पाऊण ते एक किलो एलपीजीइतका गॅस मिळतो, पाच-सहा माणसांचा स्वयंपाक त्यावर होतो. आपल्या काळ्या जमिनीत तो बांधताना मोठी चूक होते. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि घुमटाला तडा देते. म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत खाली न्या, आणि भिंतीच्या बाहेरून वीतभर जागा सोडून तिथे मुरूम किंवा जाड वाळू ठोकून भरा. स्वयंपाकघरापासून पंधरा-वीस मीटरच्या आत असावा, विहिरीपासून मात्र किमान पंधरा मीटर लांब. नळीला संयंत्राकडे किंवा पाणी काढायच्या सापळ्याकडे उतार हवा. ज्योत फडफडते, विझते, ती बहुतेक वेळा नळीत साचलेल्या पाण्यामुळे. एलपीजीची शेगडी यावर चालत नाही, तिचं छिद्र बारीक असतं.

सुरुवातीला शेजारच्या चालू गोबरगॅसची दहा-वीस बादल्या मळी (बाहेर पडलेला शेणकाला) विरजणासारखी टाका. पहिल्यांदा जमा झालेल्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, तो पेटवू नका, सोडून द्या. डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली गेला की गॅस कमी येतो. तेव्हा पाणी कोमट करून कालवा आणि वरून कडब्याचं आच्छादन घाला. शिळं अन्न, खरकटं जास्त टाकलं की आंबटपणा चढतो, आतले जीवाणू मरतात. वास आंबट आला तर चार दिवस काही टाकू नका, मग पुन्हा निव्वळ शेणकाला.

दुष्काळात पन्नास लिटर पाणी कुठून आणायचं, हा रास्त प्रश्न आहे. जनावरं धुतलेलं पाणी आणि गोमूत्र चालतं, साबणाचं चालत नाही. बाहेर आलेल्या मळीतलं वरचं पातळ पाणी पुन्हा कालवायला घेतलं तर निम्मं ताजं पाणी वाचतं.

जनावरं नसलेली घरं गावात निम्मी असतील आणि टाकी महागली की सगळ्यात आधी त्यांचीच चूल अडते. त्यांच्यासाठी तुराट्या-पऱ्हाट्या धुऱ्यावर जाळण्याऐवजी कापून, मोळ्या बांधून कोरड्या ठेवण्याची सोय गावाने करावी. सोबत धुराड्याची सुधारित चूल. आणि सगळ्याच घरांसाठी एक बिनखर्चाची युक्ती: डाळ किंवा भात एक उकळी आणि पाच-सात मिनिटं शिजवून, झाकणासकट जुन्या गोधडीत गच्च गुंडाळून खोक्यात ठेवा. तासा-दीड तासात आतल्या उष्णतेवर शिजतं. भांडं पाऊण भरलेलं असावं, अर्धवट भरलं तर लवकर निवतं. हरभरा-राजमा मात्र कुकरलाच लावा.

गोणी, तेल, वाहतूक

सोयाबीनला युरियाचा वरखत देणं बंद करा. हे पीक मुळांच्या गाठींतून नत्र स्वतः मिळवतं, युरिया मिळाला की गाठी कमी धरतात आणि पाला माजतो. बियाण्याला दहा किलोमागे २५० ग्रॅम सोयाबीनचं रायझोबियम सावलीत चोळा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक आधी, जीवाणू शेवटी. बी घरचंच ठेवा. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, सत्तर किंवा जास्त उगवले तर पेरायला योग्य. कापूस-ज्वारीचा युरिया दोन-तीन हप्त्यांत, ओल असतानाच, मातीत झाकून. उघड्यावर फेकलेल्या गोणीतला बराच नत्र हवेत उडतो. गोबरगॅसची मळी आणि शेणखत यांचा हिशेबही त्याच वहीत लिहा.

खाद्यतेलातही देश मोठ्या प्रमाणात आयातीवर आहे, आणि आपल्याकडे करडी होती. अर्ध्या एकराला दोन-अडीच किलो बी, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी, बहुतेक वेळा एकही पाणी नाही. क्विंटलला घाण्यावर बावीस-पंचवीस किलो तेल निघतं. अर्धा एकर एका घराचं वर्षाचं तेल देतो, पेंड गुरांना. परभणी विद्यापीठाचं परभणी कुसुम हे वाण यासाठी चांगलं. काट्यांमुळे मजूर मिळत नाही ही अडचण खरी आहे. पाच-सहा जणांची करडी एकाच पट्ट्यात असली तर हार्वेस्टर बोलावता येतो.

गावात बचत गटाची पीठगिरणी, डाळमिल आणि घाणा दिवसा, सौरवर चालावा. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने कर भरणाऱ्यांना दळण मोफत दिलं, ग्रामपंचायतीला गिरणी चालवणं जमतं हे त्यातून दिसतं. मोंढ्यात माल नेताना पाच जणांचा माल एका ट्रकमध्ये. ट्रॉली अर्धी भरून तालुक्याला नेणं सगळ्यात महाग पडतं. पेट्रोलवरचे फवारणी पंप बदलायची वेळ आली की बॅटरीचे घ्या.

पुरवठा तुटलाच तर

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे जूनचा पहिला पंधरवडा. पाऊस झालाय, वाफसा आलाय आणि पंपावर डिझेल नाही. त्या दिवशी भांडत बसण्यापेक्षा एक मेच्या ग्रामसभेत क्रम ठरवून इतिवृत्तात लिहा: पिण्याचं पाणी, दवाखान्याची गाडी, दुधाची गाडी, मग पेरणी. पेरणीत आधी एक-दोन एकरवाले आणि ज्यांच्याकडे बैलही नाहीत आणि ट्रॅक्टरही नाही असे. लग्नाच्या वराती आणि वाळूच्या ट्रॉल्या शेवटी, हे स्पष्ट लिहिलेलं असू द्या.

डिझेलचा साठा करायचाच तर गावाचा एक, दवाखान्याच्या गाडीपुरता आणि पाण्यापुरता, दोनशे लिटरच्या स्वच्छ ड्रममध्ये. किती आणि कसा ठेवता येतो ते तहसील कार्यालयात विचारून घ्या. ड्रम सावलीत, वस्तीपासून दूर, आडवा, बूच वरच्या बाजूला. उभ्या ड्रमच्या झाकणावर पावसाचं पाणी साचतं आणि रात्रीच्या गारव्याने आत ओढलं जातं. डिझेल तळातून काढू नका, तिथे पाणी आणि गाळ असतो. भरल्याची तारीख ड्रमवर रंगवा, सहा महिन्यांत वापरून पुन्हा भरा. पेट्रोल घरात, बाटलीत, कॅनमध्ये मुळीच ठेवू नका.

ड्रमची किल्ली दोघांकडे असावी, एक ग्रामपंचायतीची आणि एक बचत गटाची, आणि काढलेला प्रत्येक लिटर त्याच वहीत, सहीनिशी.